तळहातावरचं दूध

सलग अकरावी शिंक आली तरी मांडीवरची रेवती दचकली नाही.

एरवी आईच्या पहिल्याच शिंकेला ती दोन्ही हात पसरून असे डोळे करायची, जणू छतच खाली आलं. आज मात्र चार महिन्यांची ती पोर छातीशी दोन घोट प्यायली आणि झोपून गेली. अक्षदानं तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, गालावर बोट फिरवलं, कानात "ए चिमणे" म्हटलं. पोरीनं एक डोळा किलकिला केला आणि पुन्हा मिटून घेतला.

"सोडलं ना तिनं?" दारातून बानाबाईनं विचारलं.

बानाबाई म्हणजे अक्षदाची सासू. पैठणच्या अलीकडचं गाव, अन् सारा जन्म मेंढरांच्या मागं गेलेला. गुडघे कुरकुरायला लागले तसा कळप दिराच्या हवाली केला आणि नातीसाठी ती पुंडलिकनगरच्या या दोन खोल्यांत येऊन राहिली. शहर तिला मानवलं नव्हतं, पण नात मानवली होती. रेवतीला ती नावानं कधी हाक मारायची नाही. कोकरूच म्हणायची.

"झोप आलीय तिला, आत्या."

"झोप न्हवं ती. कालपासून बघतीया मी. दूध कडू झालंय तुझं." बानाबाईनं खिडकीकडं हात केला. नवरात्र होऊन गेलं होतं, पाऊस उघडला होता आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं गाजरगवत पांढऱ्या फुलांनी नुसतं फुललं होतं. "शेळीनं हे खाल्लं की दूध कडूजार व्हतं. करडू तोंड लावतंय अन् सोडून देतंय. लई डाव बघितलंय मी."

"पण मी कुठं गवत खाल्लंय?"

"खाल्लं नाय, पर हुंगतीस तर रोज! नाकातनं काय अन् तोंडातनं काय, जातंय पोटातच."

अक्षदाला हसू आलं, पण त्याच्या आधी शिंक आली. डोळे चोळून चोळून लाल झाले होते.

"मेंढी असती तर पहिली धार तळहातावर घेऊन जिभेला लावली असती," बानाबाई हळू आवाजात म्हणाली. "लगीच कळलं असतं. मानसाचं कसं लावावं?" मग पदर खोचत तिनं निकाल दिला. "उद्यापासून वरचं दूध सुरू कर. लेकरू उपाशी ठेवायचं नाय."

रेवतीला अंगावर घेता घेता पहिला महिना कसा गेला, ते अक्षदाचं तिलाच ठाऊक होतं. छातीला भेगा पडलेल्या, पोर रडून लालभडक, आणि हीसुद्धा तिच्या बरोबरीनं रडतेय. मग एका दुपारी अचानक जमलं. घोट घोट गिळण्याचा तो इवलासा आवाज ऐकून तिनं श्वाससुद्धा रोखून धरला होता. तोच आवाज आता जायला निघाला होता. आणि तो का चाललाय याची एक शंका तिच्या मनात होती, जी तिनं घरात कुणालाच सांगितली नव्हती.

कॉलेजपासून दर दिवाळीच्या आधी तिचं नाक असंच वाहायचं. मेडिकलवरची एक सर्दीची गोळी घेतली की तासाभरात नाक कोरडं. यंदाही तिनं डब्यातली गेल्या वर्षीची पट्टी काढली आणि चार दिवस, दिवसातून दोनदा, गुपचूप गिळली. नेहमीचीच तर गोळी, त्यात काय विचारायचं? कालपासून मात्र छाती हलकी लागत होती. पान्हा दाटून येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर बानाबाई मागच्या प्लॉटवर. कंबर वाकवून गाजरगवत मुळासकट उपटत होती. भारे बांधून तिनं कुंपणाला लावले, तशीच घरात आली आणि नातीला उचलून छातीशी धरलं.

"कोकरा, तुझ्या आईच्या नाकाचा वैरी उपटला बघ मी!"

मग शेगडीत निखारे फुलवून तिनं ओवा-वावडिंगाची धुरी घातली. खोलीभर धूर झाला. अक्षदा इतकी शिंकली की भिंतीचा आधार घ्यावा लागला. रेवती मात्र तिच्या खांद्यावर झोपलेलीच. पहाटे बदललेला लंगोट अजून कोरडा. अक्षदानं तिला कुंची बांधली.

"आत्या, दवाखान्यात जायचं. आत्ताच."

डॉक्टर फहमिदांचा लहान मुलांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. त्यांनी रेवतीला तपासलं, छातीला नळी लावली, वजन केलं, तळपायाला टिचकी मारली. पोर कुरकुरली. डॉक्टर खूश झाल्या. "गुस्सा आला वाटतं मॅडमला! श्वास चांगला आहे. दिवसाला लंगोट किती ओले होतात?"

"सात-आठ व्हायचे. कालपासून चारच."

"तुम्ही काही औषध घेताय?"

बानाबाई मध्येच बोलली, "औषध कशाचं? गाजरगवतानं दूध कडू झालंय तिचं."

अक्षदानं खाली मान घालून पर्स उघडली आणि अर्धी संपलेली पट्टी टेबलावर ठेवली. सासूकडं बघायचा धीर झाला नाही.

डॉक्टरांनी पट्टी उलटून वाचली. "कडूबिडू काही नाही, मावशी. ह्या एका गोळीत दोन-तीन औषधं आहेत. एकानं गुंगी येते, ती थोडी दुधातून बाळाला जाते. दुसरं नाक सुकवतं, आणि काही जणींचं दूधसुद्धा कमी करतं. ही बंद. पाजणं बंद नाही हं, उलट जास्त पाजायचं. झोपली असेल तर उठवून पाजा. संध्याकाळपर्यंत तरतरीत झाली नाही, उठवूनही प्यायली नाही, तर लगेच घेऊन या, वाट बघू नका."

"आणि शिंकांचं काय करू?" अक्षदाचा आवाज चिरकला. "सहन करू?"

"सहन कशाला? आईनं का रडत बसायचं?" डॉक्टरांनी कागद ओढला. "उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं. मिठाचं माप नर्स दाखवेल. नाकात मारायचा हा स्प्रे, रोज सकाळी. तो नाकातच काम करतो, दुधात जवळजवळ जातच नाही. पण दोन-चार दिवस लागतात हं, पहिल्याच दिवशी शिव्या देऊ नका मला. तरी नाही भागलं तर गुंगी न आणणारी गोळी आहे, पाजणाऱ्या आईला चालणारी. ती मी देईन. डब्यातली नाही."

लिहिता लिहिता त्यांची नजर बानाबाईच्या पदरावर गेली. लुगड्याच्या काठाला पांढरी बारीक फुलं चिकटली होती.

"मावशी, हे काय आणलंत?"

बानाबाईनं पदर बघितला. "तेच की. सकाळी उपटलं सगळं, हिच्यासाठी."

"आणि ही फुलांची धूळ घेऊन तसंच घरात? हिच्यानंच तर शिंका येतात. त्याच पदरानं बाळाला घेतलं?"

बानाबाईचा चेहरा उतरत गेला. आजवर कुठल्या जनावराला काय बाधलं हे तिला कुणाला सांगावं लागलं नव्हतं. "म्हंजी मीच आनून घालत व्हते व्हय हिच्या नाकात?"

"मायेनंच ना," डॉक्टर हसल्या. "आमच्या अम्मीपण अशाच. बाहेरून आलात की आंघोळ, लुगडं बदलायचं, मगच नातीला घ्यायचं. आणि धुरी नको. कोवळं ऊन द्या."

परतताना गल्लीच्या तोंडाशी बानाबाई थांबली. "गोळीचं मला का नाय सांगितलंस?"

"तुम्ही रागावला असता. आई असून असं कसं, म्हणाला असता."

"म्हनले असते. लई म्हनले असते." बानाबाईनं नातीच्या कुंचीची गाठ सारखी केली. "अन् मंग संगं आले असते."

संध्याकाळी रेवतीनं डोळे उघडले आणि असा टाहो फोडला की अक्षदाला रडू कोसळलं, पण ते सुखाचं. तिसऱ्या दिवशी लंगोट दोरीवर मावेनात. हो, गवताची धूळ कपड्यांवर बसू नये म्हणून आता दोरी आतल्या खोलीत होती. बाहेरून आली की बानाबाई दारातूनच ओरडायची, "शिवू नका गं कुनी मला, आंघोळ व्हायचीया!" एकदा नातीनं तिच्याकडं झेप घेतली तर बिचारी दोन्ही हात वर करून न्हाणीत पळाली.

चौथ्या दुपारी अक्षदा पाजत बसली होती. शिंका थांबल्या नव्हत्या, पण एखाददुसरीवर आल्या होत्या. तशीच एक आली. रेवतीनं दचकून दोन्ही हात पसरले, डोळे वटारून आईकडं बघितलं, आणि मग काही झालंच नाही अशी पुन्हा प्यायला लागली. घोट, घोट, घोट.

बानाबाई समोर भाजी निवडत होती. तिची नजर सारखी नातीच्या ओठांकडं जात होती. तिच्या मनातला किंतु अजून गेला नव्हता. अक्षदाला ते कळलं. डॉक्टरचा शब्द एकीकडं आणि उभ्या जन्माची मेंढरं एकीकडं.

पोरीचं पिऊन झालं, तशी अक्षदा वळून बसली, भरलेल्या छातीतून चार थेंब आपल्या तळहातावर घेतले आणि हात सासूपुढं धरला.

"घ्या आत्या. जिभेला लावा."

"अगं बाई, हे काय!" बानाबाई लाजली, नव्या नवरीसारखी. इकडं तिकडं बघितलं. मग करंगळी बुडवून तिनं जिभेला लावली आणि डोळे मिटले. मेंढवाड्यात शेकडो वेळा मिटले असतील तसे.

अक्षदानं तळहात तसाच धरून ठेवला.

"आमच्या मेंढीचं पन एवढं गोड नसतंय," बानाबाई म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते. "पाज, माझ्या बाई. पाज कोकराला."