ठेवू का पुसू

नेहलने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. दुकानात खारी-टोस्ट ठेवतात तसला मोठा, चौकोनी, वर गोल झाकणाचा.

"हाच का तो?" हेमकांत सरांनी विचारलं.

"हो सर. आजोबांच्या दुकानातला आहे."

"मिश्रीलालशेठचा डबा!" जाकीर वकील खुर्चीत पुढे सरकला. "यातल्या खारीसाठी मी भर बाजारात लोळण घेतलीय."

"आणि दुसरीत असताना माझा खडूचा डबा कोण उघडायचं?" अतिकाबाई म्हणाल्या.

"बाई, ते प्रकरण जुनं झालं. मुदत संपली त्याची."

शहाद्याच्या त्या कॉलेजात संशोधन नैतिकता समितीची बैठक चालली होती. आज अर्ज नेहलचा होता, तिच्या प्रबंधासाठी. कुणाला माणसांवर अभ्यास करायचा असेल, तर त्यात त्या माणसांची फसवणूक होणार नाही ना, त्यांना त्रास होणार नाही ना, हे बघून समितीने हो किंवा नाही म्हणायचं. हेमकांत सर रसायनशास्त्राचे, ते अध्यक्ष. जाकीर कायद्याची बाजू बघे. आणि समितीत एक साधा माणूस असावा असा नियम होता, म्हणून सरांनी निवृत्त प्राथमिक शिक्षिका अतिकाबाईंना गळ घातली होती. आयुष्यभर बाई म्हणवून घेतल्यावर साधा माणूस म्हणून बसायला मिळतंय, याची बाईंना मोठी मौज वाटायची.

"सांग बेटा," त्या नेहलला म्हणाल्या.

नेहल उभी राहूनच बोलली. "अक्कलकुव्याच्या वरच्या गावांत फिरले. सगळे गुरुजी एकच सांगतात, आमची पोरं प्रश्न विचारत नाहीत. मला वाटतं, ती विचारतात. आपल्याला विचारत नाहीत, इतकंच."

तिची रीत सोपी होती. दुसरीतलं एक मूल, एक रिकामी खोली आणि हा डबा. 'उघडू नकोस हं, मी आलेच,' म्हणून तिने बाहेर जायचं. कपाटावर ठेवलेला मोबाइल आवाज टिपत राहील. एकटं असताना मूल डब्याशी काय बोलतं, घरच्या बोलीत काय पुटपुटतं, ते तिला ऐकायचं होतं.

"आईबापांची संमती घेशील, ठीक," जाकीर म्हणाला. "पण मोबाइलचं पोराला सांगणार नाहीस?"

"सांगितलं तर ते हाताची घडी घालून बसेल."

अतिकाबाईंनी मान डोलावली. बसेलच.

"मग हे लपूनछपून ऐकणंच झालं ना पोरी," हेमकांत सर म्हणाले. "बरं, डब्यात आहे तरी काय?"

"ते नाही सांगत सर." ती जरा हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "दिवाळी झाली की ही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात. आज परवानगी मिळाली नाही तर माझं वर्ष गेलं."

अर्जदाराने चर्चेला थांबायचं नसतं. नेहल व्हरांड्यात जाऊन बाकावर बसली. डबा टेबलावरच राहिला.

चर्चा काही पुढे सरकेना. जाकीर म्हणे, न सांगता आवाज टिपणं चूकच. सर म्हणत, मग असला अभ्यास कुणी करूच नये का? तेवढ्यात प्राचार्यांचा शिपाई सरांना बोलवायला आला. पाठोपाठ जाकीरचा फोन वाजला आणि तो "हां साहेब, हां साहेब" करत मागच्या दाराने अंगणात गेला.

खोलीत अतिकाबाई आणि डबा, दोघंच उरले.

त्यांनी समोरचा कागद वाचायला घेतला. एक ओळ वाचली. मग नजर डब्यावर गेली. पुन्हा तीच ओळ वाचली. डबा बोटाने जरासा ढकलून पाहिला, तर तो सहज सरकला. म्हणजे हलका आहे. उचलून कानाशी हलवला. आत काहीतरी सळसळलं, वाळल्या चाऱ्यासारखं. जिवंत तर नसेल? नाही, नेहल तशी मुलगी नाही. मग काय असेल?

मुलांसमोर ठेवायची वस्तू एकदा बघायला नको का, असं त्यांनी मनाशी म्हटलं. समितीचं ते कामच आहे. हे स्वतःलाच बजावून त्यांनी झाकणाखाली नख घातलं.

खट्ट!

पत्र्याचा आवाज खोलीभर झाला. झाकण निघालं आणि आत दाबून बसवलेलं काहीतरी फुलून वर आलं. गवताचं बारीक, घट्ट विणकाम. सुगरणीचं घरटं होतं ते. बाईंनी ते दोन्ही हातांत उचलून घेतलं. लहानपणी कळसाडीच्या विहिरीवर अशी घरटी लोंबताना त्यांनी खूप पाहिली होती, पण सगळी लांबून. हातात पहिल्यांदाच येत होतं. वरून घुमट होता, बाजूंनीही गच्च विणलेला. कुठे फट नाही.

"इसका दरवाजा किधर है?" त्या पुटपुटल्या. "अंदर जाती कैसे होगी?"

व्हरांड्यात कुणीतरी खोकलं. मग चपला फरशीवर घासत, सावकाश दाराकडे येऊ लागल्या.

घरटं आत, झाकण वर, हात मांडीवर. टेबलावर गवताची एक काडी राहिली होती, तिच्यावर त्यांनी पटकन तळहात ठेवला. नेहल दारात आली तेव्हा त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

"पाण्याची बाटली राहिली होती, बाई," नेहल म्हणाली, बाटली घेतली आणि निघून गेली.

बाईंनी तळहात उचलून काडीकडे पाहिलं. साठी उलटली होती त्यांची. कुणी त्यांना रागावणार नव्हतं. तरीही ती काडी त्यांनी बोटांत लपवून घेतली.

दोघं परत आले. नेहलला आत बोलावलं गेलं. हेमकांत सरांनी पेन उघडलं आणि, अडचण आली की जीभ वळायची तशी, ते अहिराणीत वळले. "बाई, तुमले काय वाटस?"

"मला वाटतं, डबा ठेवायचा," अतिकाबाई सावकाश म्हणाल्या. "पण उघडू नको असं म्हणायचं नाही. ते म्हटलं की पोर उगाच चोर होतं. नुसता ठेवून जायचं. आणि नेहल, परत येताना आवाज करत ये. खोक, चपला वाजव. पोराला झाकण लावायला वेळ मिळाला पाहिजे."

"मी तशीच येते, बाई," नेहल म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसेना.

"आणि मोबाइलचं काय?" जाकीरने विचारलं.

"आधी नको सांगूस. पण आत आल्यावर पहिलं काम तेच. मोबाइल खाली काढायचा आणि त्याचं बोलणं त्यालाच ऐकवायचं. मग विचारायचं, ठेवू का पुसू? पोर म्हणेल तसं. त्याच्यासमोर पुसायचं. आईबापांनाही हे सगळं आधी सांगून ठेवायचं."

नेहलने बाटलीचं झाकण फिरवून उघडलं, पुन्हा लावलं.

"सगळ्यांनीच पुसा म्हटलं तर?"

"तर तुझा प्रबंध कोरा," जाकीर म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

तिने डब्याकडे पाहिलं. मग सरांकडे.

"लिहा सर. तसंच करते."

सरांनी लिहिलं. जाकीरने कायद्याचे दोन शब्द घातले, त्यातला एक बाईंनी खोडायला लावला. "हा तुला तरी कळतो का?" तिघांच्या सह्या झाल्या. नेहलने कागदाची घडी न घालता तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. सर आणि जाकीर चहाला कँटीनकडे निघाले.

"चला बाई."

"तुम्ही व्हा पुढे."

नेहल डबा पिशवीत भरू लागली. बाई पर्सचा बंद उगाच सारखा करत राहिल्या.

"बाई," नेहल म्हणाली, "दरवाजा खालून असतो."

बाईंचा हात बंदावरच थांबला. व्हरांड्यातला बाक खिडकीला लागूनच होता, हे त्यांना आत्ता दिसलं.

नेहल हसत नव्हती. डबा पोटाशी धरून ती वाट बघत उभी होती.

"मोबाइल नव्हता. कानानेच ऐकलं," ती म्हणाली. "ठेवू का पुसू?"

अतिकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. पुन्हा खुर्ची ओढून बसल्या आणि बोटांत जपलेली गवताची काडी त्यांनी टेबलावर ठेवली.

"ते मग सांगते. आधी खालून दाखव."