खाऱ्या पाण्याचा हापसा

पुसेगावच्या शिवारात, नर्मदाबाईच्या शेळ्यांच्या वाड्याजवळ उभा असलेला हापसा मी. एरवी माझं बोलणं म्हणजे दांड्याची कुरकुर. आज जरा मन मोकळं करतो.

बोअर लागला तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले. नर्मदाबाईच्या नवऱ्यानं, बजरंगनं, पहिली ओंजळ तोंडात घेतली आणि थुंकून टाकली. पाणी खारं! डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. तेव्हापासून सगळे मला नावं ठेवू लागले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मागच्या उन्हाळ्यात शेळ्यांना गोचिडांनी धरलं. दोन करडं गेली. तिसरं, पांढऱ्या कानाचं, उभं राहीना. गोचिडांवर नुसतं कडुलिंबाचं तेल लावलं, तर ते केसांतच चिकटायचं, कातडीपर्यंत पोचायचं नाही. नर्मदाबाईनं त्यात माझं पाणी घातलं, तर तेल वर तरंगलं. साबण किसून टाकला, तर दह्यासारख्या गुठळ्या. बाई माझ्या ओट्यावर डोक्याला हात लावून बसली.

लेक सुकन्या हिंगोलीला रसायनशास्त्र शिकते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून तिनं तेलात भांड्यांचं लिक्विड घातलं. ते खाऱ्या पाण्यात फाटत नाही. एका हातानं तेल धरतं, दुसऱ्यानं पाणी, सोयरीक जमवणाऱ्या माणसासारखं. हे धरणं सैल, लवचीक राहावं म्हणून थोडं स्पिरिट. मग माझं पाणी, थेंब थेंब. आधी गढूळ, आणि बघता बघता सगळं कोऱ्या चहासारखं नितळ. ते अंगाला चोळल्यावर गोचिडं गळाली आणि आठवड्यात करडू उड्या मारू लागलं.

पुढं गावात नळ आला. माझ्या दांड्यावर घोंगड्या वाळू लागल्या. मला उपटून भंगारात द्यायचं बजरंगनं ठरवलं.

परवा त्याच करडाच्या कानात पुन्हा गोचिडं दिसली. नर्मदाबाईनं तेच माप घेतलं, पण पाणी नळाचं. तेल वेगळं ते वेगळंच. तिनं लेकीला फोन लावला.

"आई, ते माप खाऱ्या पाण्याचं हाय," सुकन्या म्हणाली. "गोड्या पाण्याला न्हाई जमायचं."

बाई तांब्या घेऊन धावत आली. घोंगडी बाजूला फेकली, दांडा दाबला. नुसती हवा. पुन्हा हवा. करडू वाड्यात ओरडत होतं. माझं सगळं लोखंड थरथरलं. विसाव्या दाबाला पाणी आलं, आणि त्या पाण्यात तेल पुन्हा नितळ मिसळलं.

"ह्याला कुनी हात लावायचा न्हाई," तिनं बजरंगला बजावलं.

नळाचं पाणी प्या, खुशाल प्या. पण वाटेत एखादा जुना हापसा दिसला, तर दोन दाब मारून जा.