लिंबं चिरडून थांबायचं होतं

मित्रांनो, मी एक जुनी काळी मोटार. त्या दसऱ्याची आठवण निघाली की आजही माझा पत्रा न् पत्रा थरथरतो.

नाशकात एका डॉक्टरांकडे मी सुखात होते. वेळच्या वेळी ऑइल, रविवारी अंघोळ. डॉक्टर वारले आणि मी झुंबरशेठच्या आवारात येऊन पडले. हा शेठ जुन्या गाड्या विकायचा. पावसात उभी राहून मी खालून गंजले, ब्रेकचं ऑइल गळायला लागलं, टायर तर आधीच झिजले होते. आणि या बाबाने काय करावं? गंजावर झकास रंग मारला! तळाच्या भोकावर नवी चटई टाकली! आजारी माणसाला औषध सोडून पावडर फासतं का कुणी?

एकोणऐंशीच्या दसऱ्याला कळवणचे सहादूअण्णा मला घ्यायला आले. सोबत बायको सगुणाबाई, मुलगा गोरख आणि पोटुशी सून मैना. मला घेऊन सगळे तसेच वणीच्या गडावर जाणार होते. घाटातून! मी हबकलेच. अहो, वाकून खाली तरी बघा, ब्रेकवर पाय तरी ठेवा! पण मुहूर्त टळत होता. अण्णांनी हॉर्न वाजवला, माझ्या रंगात स्वतःच्या मिशा बघितल्या आणि सौदा पक्का केला. चालवून बघायची सवड कुणाला होती?

मग पूजा. मैनेने मला कुंकू लावलं आणि आरतीचं ताट घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. चाकांखाली लिंबं ठेवली होती. ती चिरडून लगेच थांबायचं होतं. गोरखने आत बसून मला पुढे सोडलं, लिंबं फुटली, त्याने ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. रस्त्याकडे उतार होता आणि मी मैनेवर चालले होते! देवा रे, मला थांबता येईना.

सगुणाबाईंनी सुनेला दंड धरून खेचलं. मी ताट चेपून जुन्या टायरांच्या ढिगात घुसले.

शेठ पांढराफटक पडला. सगुणाबाई खाली वाकल्या, ब्रेकच्या ऑइलने ओलं झालेलं चाक बघितलं, चटई उचलली. भोकातून जमीन दिसत होती.

त्या एवढंच म्हणाल्या, "ही घाटात नेली असती, तर आज आमच्या घराला कुलूप लागलं असतं. आधी हिला धड करा शेठ, मग गड."

शेठला सगळं करून द्यावं लागलं. मी दिवाळीनंतर गडावर गेले.

मैनेची लेक आता शाळेत जाते. ती मागे बसली की गोरख आधी ब्रेक दाबून बघतो, मगच किल्ली फिरवतो. मित्रांनो, जुनी गाडी घ्याल तेव्हा हार खुशाल घाला, पण त्याआधी खाली वाका, टायर बघा, ब्रेक दाबा. कारण त्या दिवशी मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, आणि सगळ्यांना फक्त हॉर्न ऐकू आला.