द्रासची जीप, दापोडीचा पूल

बादलीची कडी खणकली आणि तिन्हीसांजेच्या अंगणातली शांतता मोडली. कौशल्याबाईंनी माझ्या नाकाखाली बादली सरकवली. त्यांच्या नवऱ्याने, उद्धवरावांनी, तोटी उघडली आणि माझ्या रेडिएटरमधलं ऊन पाणी बादलीत पडू लागलं. त्या संध्याकाळचं पुढे सांगते. आधी मी कोण, ते ऐका.

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. लष्करातली. चिंचवडच्या अंगणात कोंबड्यांशेजारी उभी असते, म्हणून मला त्यांच्यातली समजू नका.

झोजी ला खिंड ओलांडली की द्रासकडचा मुलूख लागतो. वाळवंट म्हटलं की तुम्हाला उंटच आठवणार! हे वाळवंट आभाळाला टेकलेलं. झाड नाही, झुडूप नाही, नुसते उघडे तपकिरी डोंगर. उन्हात कपाळ भाजतं आणि त्याच वेळी सावलीतले पाय गारठतात. हवा इतकी विरळ की धट्टेकट्टे जवान बुटाची नाडी बांधताना धापा टाकत. मी जरा खोकायची, बस्स. रस्ता म्हणजे कड्यात कोरलेली पायरी. एका चाकाखालचे दगड सुटायचे आणि ते नदीत पडल्याचा आवाजसुद्धा वर यायचा नाही. दिवसभरात माणूस दिसलाच तर एखादा मेंढपाळ.

मावळातले उद्धवराव तिथे माझे ड्रायव्हर होते. रोज संध्याकाळी ते माझं सगळं पाणी काढून टाकत आणि सकाळी पुन्हा भरत. "पानी ऱ्हायलं तर बर्फ हुतंय, अन् इंजिनाची दोन भकलं," असं ते नव्या ड्रायव्हरांना बजावत.

मग मी म्हातारी ठरले. देहूरोडला माझा लिलाव झाला. पिंपरीत गॅरेज असलेल्या नूरमोहम्मदनी मला घेतलं आणि पलटणीतून सुटून आलेल्या उद्धवरावांनाच माझ्यावर नेमलं. कामं कसली? कारखान्यांचे खिळे, पत्रे आणि पिंपं वाहायची. आणि तो मुंबई-पुणे रस्ता! सपाट, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना झाडं. अशा रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारी स्वतःला मोटारी म्हणवतात, याचंच मला हसू येई.

उद्धवरावांची पाणी काढायची सवय मात्र सुटली नाही.

"अहो हवालदारसाहेब," नूरमोहम्मद हसत, "चिंचवडात बर्फ कुठला? कुल्फीवाल्याकडे असेल तेवढाच!"

"हात ऐकत न्हाई, भाई."

कौशल्याबाईंना ते पाणी आयतंच मिळे. "जावंकडं बंब हाय, माझ्याकडं जीप हाय," असं म्हणत त्या आपल्या लेकीला, सहा वर्षांच्या सुमनला, त्याने न्हाऊ घालत. ज्या पाण्याने मी झोजी ला चढत असे, त्याने आता एका पोरीचे मळके पाय धुवायचे! मला शिसारी येई.

ही याच, १९५७ सालची गोष्ट. कौशल्याबाईंना नववा महिना होता. त्या संध्याकाळी सुमनची आंघोळ आटोपून त्या कळ येऊन उंबऱ्यावर बसल्या, त्या उठल्याच नाहीत. शेजारच्या यशोदाबाई गावातली बाळंतपणं करायच्या. त्यांनी पोटावर हात फिरवला आणि तोंड गंभीर केलं.

"मूल आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई. पुण्याला न्या, आत्ताच्या आत्ता."

सुमनला शेजारी ठेवलं. कौशल्याबाईंना मागे निजवलं, यशोदाबाई उशाशी बसल्या आणि उद्धवरावांनी मला चालू केलं. पाणी भरायचं ते विसरले.

मी विसरले नव्हते. पण पुणं ते केवढंसं! या असल्या वाटेला मला पाणी कशाला?

पिंपरीत नूरमोहम्मद गॅरेजच्या दारात उभे होते. माझा आवाज ऐकताच ते हात वर करून रस्त्यात धावले.

"उद्धवराव, थांबा! खडखड ऐकू येत नाही? बोनेट उघडू द्या!"

"थांबायला येळ न्हाई, भाई!"

मी तिथेच बंद पडायला हवं होतं. तेव्हा दोन बादल्या पाण्याने सगळं निभावलं असतं. पण तेलकट हातांचा तो माणूस मला काय शिकवणार, म्हणून मी नाक उडवलं आणि पुढे निघाले. पाणीच नाही, तर वाफ तरी कुठून येणार? उद्धवरावांना काही दिसलं नाही.

दापोडीच्या पुलावर माझं इंजिन जाम झालं.

उद्धवरावांनी झाकण काढलं, आत पाहिलं आणि मग ते आपल्या हातांकडेच पाहत राहिले.

"हात काय बघताय?" यशोदाबाई ओरडल्या. "टांगा बघा!"

टांगा मिळायला तासभर गेला. तो त्यांना घेऊन खडखडत निघून गेला आणि मी पुलावर राहिले.

नवव्या दिवशी कौशल्याबाई घरी आल्या. त्यांची ओटी रिकामी होती.

मला कुणी बोल लावला नाही. नूरमोहम्मदनी मला ओढून अंगणात आणून ठेवलं. "इंजिन बांधून देतो," ते म्हणाले. उद्धवराव नकोच म्हणतात. माझ्याजवळ येत नाहीत.

मित्रांनो, मला धुवा-पुसा, असं मी सांगणार नाही. सगळ्या जगाला तुच्छ मानून झाल्यावर आता मी स्वतःलाच तेवढी तुच्छ मानते. फक्त, वाट कितीही सोपी असो, निघण्याआधी झाकण काढून आत बघत जा.

काल दुपारी सुमन हळूच माझ्यात चढली. पुढे नाही, मागे, जिथे तिची आई निजली होती तिथे बसली. बराच वेळ ती गादीवरची धूळ बोटाने पुसत होती. मग तिने लोखंडाला गाल लावला.

"मला कुनीच सांगत न्हाई," ती कुजबुजली. "तू व्हतीस ना आईसंगं? बाळ रडलं व्हतं का गं?"