एकाच डेपोचे डिझेल

देवराव मनवर एसटीत वाहक होते, तोवर त्यांच्या पोटाने त्यांना कधी दगा दिला नाही. दारव्ह्याहून यवतमाळला जाणारी पहाटेची गाडी ठरल्या वेळी फलाटावरून हलायची, आणि त्याआधी देवरावांचे सकाळचे कामही ठरल्या वेळी उरकलेले असायचे. दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान होता. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना शाल दिली, भिंतीवरचे घड्याळ दिले, आणि त्याच दिवसापासून त्यांचे वेळापत्रक कोलमडले. घड्याळ मात्र चालत राहिले. त्याच्याकडे पाहत देवराव अंगणात येरझारा घालत. चुकलेल्या गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाचे सगळे दैन्य त्यांच्या चेहऱ्यावर उतरलेले असे.

अशा दीनवाण्या दिवसांत त्यांना मोबाइलमध्ये एक डॉक्टर भेटले. या डॉक्टरांचे म्हणणे असे, की माणसाचे पोट त्याच्या रक्तगटाचे ऐकते. ज्याचा जो गट त्याने तेच खावे, म्हणजे सकाळ सुखाची होते. देवरावांचा गट बी पॉझिटिव्ह. तो नोकरीला लागताना तपासला गेला होता आणि ती गोष्ट ते पदकासारखी मिरवत.

“बी गटाचे पूर्वज घोड्यावरून हिंडत होते म्हंते,” देवरावांनी जेवताना जाहीर केले.

“तुमच्या आज्यानं गाढव बी जवळून पाह्यलं नसन,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “भाकर घ्या.”

“भाकर बंद!”

आणि मग त्यांनी बंद झालेल्या वस्तूंची घोषणा केली, एखाद्या रद्द झालेल्या मार्गावरचे थांबे पुकारावेत तशी. ज्वारी बंद. तुरीची डाळ बंद. शेंगदाणे, तीळ, टमाटे बंद. कोंबडी तर पूर्णच बंद. चालू काय, तर भात, दूध, दही, पनीर आणि केळी. ज्या घरात तुरीच्या वरणावाचून दिवस मावळत नव्हता, त्या घरात दुधाचे पातेले राज्य करू लागले.

त्यांचा मुलगा प्रफुल्ल हे सारे खाली मान घालून ऐकत होता. तो यवतमाळच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करी, रोज एसटीने जाऊन येऊन करी, आणि वाटेत खिडकीतून दिसणाऱ्या पळसांवर कविता करून त्या कोणालाही न दाखवता फाडून टाकी. शब्द त्याच्याकडे पुष्कळ होते; फक्त माणूस समोर आला की ते लाजून आत पळत.

“बाबा,” तो शेवटी म्हणाला, “माझं रक्त तर कधी तपासलंच नाही.”

“तपासाले काय लागते त्यात? मी मनवर, तू मनवर. एका डेपोच्या गाड्याइले येगयेगळं डिझेल भरतेत काय?”

“अन् मी?” सत्यशीलाबाईंनी विचारले. “मी तं दिग्रसची भगताची पोरगी.”

“लग्नात आडनाव बदललं का नाही तुहं? मंग?”

देवरावांच्या तर्कात हे इतके स्वच्छ होते, की त्यांना पुढे समजावून सांगण्याची गरजच वाटली नाही.

नवलाची गोष्ट अशी, की काही दिवसांतच देवरावांची गाडी खरोखर वेळेवर सुटू लागली. ते पहाटे फिरायला जात, घामेजून परत येत आणि पुढच्या क्षणी दार लावून घेत. बाहेर पडताना त्यांच्या मुद्रेवर जे तेज असे, ते पाहून प्रफुल्लचे मन अधिकच खिन्न होई. कारण त्याची स्वतःची गाडी त्या दूध-भाताच्या घाटात कुठेतरी बंद पडली होती. पोट भरल्या पोत्यासारखे जड, जिभेला चव नाही, डोक्यात एक संथ करडा ढग. संध्याकाळी एसटीच्या खिडकीशी बसून तो बाहेरच्या कापसाची वेचणी संपलेल्या पऱ्हाटीच्या शेतांकडे पाही आणि त्याला वाटे, जगातली सगळी दुःखे मूलतः एकच असावीत. काहीतरी आत अडकून राहते आणि त्याला बाहेर यायला वाट मिळत नाही.

याच काळात कळंबचे स्थळ चालून आले.

मुलीचे नाव उर्वशी. ती तिथल्या शाळेत विज्ञान शिकवीत होती. मनवर मंडळी तिच्या घरी गेली, जय भीम झाले, पाणी झाले, उर्वशी समोर येऊन बसली आणि तिने सरळ प्रफुल्लकडे पाहून विचारले, “तुम्हाले वाचाले काय आवडते?”

प्रफुल्लला हा प्रश्न आयुष्यभर कोणीतरी विचारावा असे वाटत आले होते. तो उत्तरासाठी तोंड उघडणार, तोच कित्येक दिवस रुसून बसलेले पोट आत वळवळले. ही संधी गेली तर पुन्हा केव्हा, कोण जाणे! तो उठला. “येतो,” एवढेच पुटपुटला आणि मागच्या अंगणातल्या संडासाकडे धावला.

तो तिथे बसून राहिला. बाहेर भजी निवली, चहावर साय धरली. उर्वशीचा थोरला भाऊ धम्मदीप दोनदा विहिरीपर्यंत जाऊन खाकरून आला. आत प्रफुल्ल कपाळाचा घाम पुसत, कौलाच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेकडे पाहत, उर्वशीच्या प्रश्नाची सुंदर सुंदर उत्तरे मनाशी जुळवीत होता. काहीच झाले नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा असा काही उतरलेला होता, की मनवर मंडळींनी लगेच निरोप घेतला.

कळंबहून निरोप आला: मुलाले पोरगी पसंत नसन, कोणाचा फोन आला म्हणून उठला असन, तं तसं साफ सांगा.

“साफ!” प्रफुल्ल स्वतःशीच म्हणाला. त्या शब्दानेही त्याला लाज वाटली.

खरे कारण सांगायचे तर ते त्या मुलीला सांगावे लागणार, आणि तो शब्द उच्चारण्यापेक्षा आजन्म अविवाहित राहणे त्याला सुसह्य वाटत होते. पण ती पसंत होती. तिने विचारलेला तो साधा प्रश्न त्याच्या मनात दिवसभर शाळेच्या घंटेसारखा निनादत असे. मग दुसरा निरोप आला. बाबासाहेबांच्या जयंतीला दारव्ह्यात रक्तदान शिबिर होते, त्याच्या व्यवस्थेत धम्मदीप होता. त्याच्याबरोबर उर्वशीही येणार होती. नकार असेल तर तो तिला प्रफुल्लच्या तोंडूनच ऐकायचा होता. त्यानंतर कळंबचे दार बंद.

जयंतीच्या सकाळी गाव निळे झाले होते. समाजमंदिरात खाटा मांडलेल्या, बाहेर ढोल-ताशांची जुळवाजुळव चाललेली. देवराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मुलाला पुढे घालून आले आणि टेबलाशी बसलेल्या तंत्रज्ञाला म्हणाले, “याचं लिहून टाका, बी पॉझिटिव्ह. घरचंच हाय.”

“थेंब पाहू द्या आधी, काका.”

बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब कालवले गेले. तंत्रज्ञाने मान वर केली. “ओ पॉझिटिव्ह.”

“पुन्हा पाहा.”

पुन्हा पाहिले. ओच होते. देवराव क्षणभर मुलाकडे अशा नजरेने पाहत राहिले, जणू दुसऱ्याच आगाराची गाडी त्यांच्या अंगणात उभी होती. ते सत्यशीलाबाईंकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, “पोट्टा माहा हाय. मंग हे रक्त कोणाचं?”

हलक्या आवाजाची देवरावांना सवय नव्हती. चालत्या गाडीत तिकिटे पुकारून पुकारून त्यांचा गळा तयार झालेला. ते वाक्य सगळ्या समाजमंदिराने ऐकले.

“कोणाचं?” सत्यशीलाबाईंनी पदर खोचला. “नऊ महिने माह्या पोटात होता तो! रक्त काय तुमच्या एसटीतून पार्सल आणलं होतं? ए बाबू, माहं बी पाह्य रे रक्त.”

त्यांचेही ओ निघाले. बाप बी आणि आई ओ असली तर लेकरू ओ असू शकते, असे तंत्रज्ञ समजावू लागला, पण सत्यशीलाबाईंना पुढचे ऐकण्याची गरज नव्हती. त्यांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिले.

“त्याइनं सगळ्याइले एक-एक मत देल्लं. घरात ओ दोन, बी एक. आज घरी तुरीचं वरण अन् भाकर. झालं!”

“अवो, पण मले फरक पडला का नाही?” देवराव कळवळून म्हणाले. “त्या दूध-भातानंच तं माही गाडी रुळावर आली!”

इतक्यात सरबताचा ट्रे घेऊन वच्छलाबाई पुढे आल्या. गावाबाहेर मळ्यात राहणाऱ्या किसनराव पाटलांच्या त्या पत्नी. देवरावांची आणि किसनरावांची शाळेपासूनची दोस्ती. तेव्हा मनवरांच्या घरचे कार्य हे त्यांना आपलेच वाटे.

“देवराव भाऊजी, आज फिराले आले नाही काहून?” त्यांनी मायेने विचारले. “भाकरी थापून ठेवल्या होत्या मी. रोज दोन-दोन भाकरी, वाटी वाटी वरण, अन् शेंगदाण्याचा ठेचा खाऊन जाता, आज ताट तसंच राह्यलं.”

सत्यशीलाबाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

“ते खाणं कोठं होतं?” देवराव म्हणाले. “ते तं चव पाह्यनं होतं.”

“रोज?” सत्यशीलाबाईंनी विचारले.

देवरावांनी सरबताचा पेला तोंडाला लावला आणि तो रिकामा झाल्यावरही तसाच धरून ठेवला.

इकडे प्रफुल्ल खाटेवर आडवा झाला होता. दंडाला पट्टा, मुठीत रबरी चेंडू. त्याने मान वळवली आणि शेजारच्या खाटेवर उर्वशी. तिच्याही मुठीत चेंडू होता. वरचा पंखा सावकाश फिरत होता. दोघांचेही हात नळ्यांनी बांधलेले. कोणालाच उठून जाता येण्यासारखे नव्हते.

“एवढंच सांगा,” ती छताकडे पाहत म्हणाली. “त्या दिवशी उठून काहून गेले? मी पसंत नव्हते?”

प्रफुल्लने कित्येक रात्री या क्षणासाठी वाक्ये घडवली होती. त्यांत संध्याकाळ होती, वारा होता, एकाकीपणा होता. नळीतून आपले रक्त इतक्या निमूटपणे, इतक्या सहज बाहेर वाहताना पाहून त्याला त्या सगळ्या वाक्यांचा अचानक कंटाळा आला.

“पोट साफ होत नव्हतं,” तो म्हणाला.

तिने मान वळवली.

“बाबानं सगळ्यायचा बी गट ठरवला. डाळ बंद, भाकर बंद. तुमच्या घरी तुम्ही पुस्तकाचं विचारलं, अन् नेमकं तेव्हाच वाटलं, की होते आता. म्हणून धावलो.”

“मंग?”

“नाही झालं.”

“अन् आता?”

“अजूनही नाही.”

उर्वशीच्या ओठांचे कोपरे थरथरले. मग ती हसली. आधी नाकातून, मग सगळ्या अंगाने, इतकी की खाट करकरली आणि परिचारिका धावत आली. “ताई, हालू नका, सुई निसटन!” पण उर्वशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. “मले वाटलं,” ती श्वास घेत म्हणाली, “मी इतकी वाईट दिसते का, की मानूस संडासात जाऊन लपून बसते!”

“तुम्ही वाईट दिसत नाही,” प्रफुल्ल म्हणाला, आणि हे वाक्य आपण आधी घडवले नव्हते याचे त्याला आश्चर्य वाटले. “अन् मले कविता वाचाले आवडते. ते सांगायचं राह्यलं होतं.”

“अन् रक्तगटाचं म्हणाल,” ती डोळे पुसत म्हणाली, “तं त्याचा अन् पोटाचा असा मेळ अजून कोणी पक्का सिद्ध नाही केला. भाकर अन् डाळ मात्र पोटाले चालवते. हे मी सहावीच्या पोट्ट्यायले शिकवते.”

दुपारी पाहुणे मनवरांच्या घरी जेवले. कित्येक आठवड्यांनी त्या चुलीवर भाकरी फुगल्या, आणि वरणाला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास बाहेरच्या मिरवणुकीपर्यंत गेला. देवराव मान खाली घालून मन लावून जेवत होते. धम्मदीप मात्र अजून ताठ बसला होता. बहिणीने त्याला काही सांगितले नव्हते. तो वाढलेल्या ताटावरून प्रफुल्लवर नजर ठेवून होता.

“मंग, काय ठरलं म्हणाचं?” त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले.

प्रफुल्लने उत्तरासाठी तोंड उघडले. आणि आत, खोल कुठेतरी, करड्या ढगाला तडा गेल्यासारखे काहीतरी सरकले. या वेळी हूल नव्हती. त्याच्या रंध्रारंध्राला ते कळले. भाकरीचा तुकडा त्याने ताटात ठेवला आणि तो उठला.

धम्मदीपने घास खाली टाकला. “पाह्यलं? पुन्हा उठला!”

उर्वशीने भावाच्या दंडावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने वरणाचे भांडे आपल्याकडे ओढत ती म्हणाली, “जाऊ द्या त्याइले. मी थांबते.”

प्रफुल्लने ते दारातून ऐकले. घाई अनावर असतानाही तो एक क्षण उभा राहिला.