आटलेला स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना लोकरी स्वेटर आहे. गडद निळा, पूर्ण बाह्यांचा. सध्या मी सिंगापूरला, बेडोकमधल्या एका फ्लॅटच्या कपाटात पडून असतो.

मला विणले नाशिकच्या अरुणाताईंनी, आपल्या धाकट्या भावासाठी. निशिकांत जहाजावर इंजिनिअर होते. उत्तरेकडच्या समुद्रात बोचरा वारा सुटला की ते मला बॉयलर सूटच्या आत चढवत. डिझेलचा, घामाचा आणि दाढीच्या साबणाचा असा एक वास माझ्या विणीत मुरत गेला. जहाजावरचे लोक माझे कौतुक करत, कुठून घेतला म्हणून विचारत. ताईने विणलाय, एवढेच ते अभिमानाने सांगत.

पुढे आजारपणात ते गेले. त्यांच्या पत्नी नीताताईंनी त्यांचे बाकी कपडे देऊन टाकले. मला मात्र ठेवले, तेही न धुता. इथल्या उकाड्यात मला घालणार तरी कोण? अधूनमधून त्या कपाट उघडत, मला नाकाशी धरत आणि पुन्हा घडी करून ठेवत.

यंदा जूनमध्ये त्यांची मुलगी ऋता शाळेच्या सहलीबरोबर ऑस्ट्रेलियातल्या एका फार्मवर राहायला निघाली. तिकडे हिवाळा होता. आईने तिला नवे जॅकेट आणले होते, तरी तिने मला गुपचूप बॅगेत घातले. बाबांची आठवण तिलाही येई; पण घरात त्यांचा विषय निघाला की आई उठून जात असे.

फार्मवर मुलांना पोरकी कोकरे बाटलीने दूध पाजायला दिली होती. ऋताच्या वाट्याला आलेले कोकरू अगदीच मलूल होते. संध्याकाळी ते थरथरू लागले, तेव्हा तिने मला अंगातून काढून त्याच्याभोवती गुंडाळले. सगळीच जगत नाहीत, असे मालकीणबाईंनी तिला हळुवारपणे समजावले. ती ऐकेना. त्याचा एवढासा जीव माझ्या विणीला लागून धडधडत होता. उजाडायच्या आत ती धडधड थांबली.

मी दुधाने आणि लेंड्यांनी बरबटलो होतो. असा कपडा विमानातून नेता येणार नाही, धू नाहीतर टाकून दे, असे शिक्षिका म्हणाल्या. ऋताने मला मशीनमध्ये कढत पाण्यात घातले. लोकर कशी धुवायची, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. बाहेर आलो तो आटून जाजमासारखा घट्ट झालेला. लहान मुलाच्याही अंगात शिरणार नाही असा.

घरी बॅग उपसताना मी नीताताईंच्या हाती लागलो. त्यांनी मला नाकाशी धरले. नुसता धुण्याच्या साबणाचा वास आला.

"आई, त्या कोकराला खूप थंडी वाजत होती," ऋता म्हणाली. "हा श्रिंक होईल हे मला माहीत नव्हतं. सॉरी."

"जगलं का ते?"

"नाही."

नीताताई पलंगावर बसल्या. या वेळी त्या उठून गेल्या नाहीत.

"बाबांनाही शेवटी फार थंडी वाजायची," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलमध्ये मी पांघरुणांवर पांघरुणं घालत होते. हा घरी कपाटात होता. मला आठवलाच नाही."

ऋता त्यांच्याजवळ जाऊन बसली.

मित्रांनो, लोकर गार पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. आणि घरात कोणाला थंडी वाजत असेल, तर आमच्यासारख्यांना जपून ठेवू नका. वेळेवर बाहेर काढा.