टिंबाची फाइल

छापखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्हिजिटिंग कार्डं न्यायला आलेली माणसंही काम विसरून पडद्याकडे डोळे लावून उभी होती. म्हाताऱ्या छापखानेवाल्याचा एकुलता एक मुलगा जाऊन आठ महिने झाले होते. त्याच्या संगणकावर कुणी काम करत नव्हतं, तरी त्याच्या फोल्डरमधली एक फाइल रोज साडेबाराला ताजी व्हायची. नावाच्या सुरुवातीला टिंब, आत वाचण्यासारखं काही नाही.

"ते टिंब म्हणजे जीव!" म्हाताऱ्याने बोलावलेले महाराज गरजले. "पोरगा लहरींवर बसून येतो. सव्वाबाराला निघतो, साडेबाराला पोचतो!"

महाराजांनीच तिकीट काढून दिल्यासारखा सगळा थाट. पण म्हाताऱ्याला हसू कुठलं? त्याचा मुलगा रोज घरी येत होता.

मागच्या खोलीत सून बसायची. तिच्या संगणकाची प्रणाली वेगळी. नवरा असताना दोघं दोन्हीकडून त्याच्या संगणकावरचा हाच सामाईक फोल्डर उघडून डिझाइनं करत. तिला मात्र ती फाइल कधीच दिसली नव्हती.

"दिसेल कशी? हिचं मन परगावच्या नोकरीत," महाराजांनी निकाल दिला होता. "ही गेली की तोही जाईल!"

सोमवारी तिला रुजू व्हायचं होतं. तिने जाणं रद्द केलं आणि म्हाताऱ्याने तिला अडवलं नाही.

शाळेत संगणक शिकवणाऱ्या बाई प्रश्नपत्रिका छापायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "साडेबाराला तुमची सून काय करते?"

"जेवणाआधी आत बसते थोडा वेळ."

बाईंनी ती फाइल पुसायला घेतली. "नका हो, मरेल तो!" म्हातारा कळवळला. बाईंनी फाइल पुसली आणि मागच्या खोलीतल्या संगणकाची नेटवर्कची केबल काढली. साडेबारा वाजले, एक वाजला. फाइल आली नाही.

"आज लहरी उलट्या आहेत," महाराज पुटपुटले.

बाईंनी केबल जोडली. "रोजच्यासारखा फोल्डर उघड गं." सुनेने उघडला आणि पुढच्या पडद्यावर टिंब हजर झालं.

"हिचा संगणक दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरला की मांडणी लक्षात ठेवायला ही बारीकशी फाइल तिथे टाकतो," बाई म्हणाल्या. "टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली तो स्वतः लपवतो, हा पुढचा संगणक दाखवतो. चमत्कार म्हणायचा तो एवढाच."

"पण पोरी, तू रोज कशाला उघडायचीस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आधी त्याची कामं बघायला." सून म्हणाली. "मग... तुमच्याकडे येतो, माझ्याकडे का येत नाही, ते बघायला, बाबा."

म्हातारा मटकन खाली बसला. त्याचा मुलगा दुसऱ्यांदा गेला होता. महाराजांनी तेवढ्यात पोबारा केला.

"ऐका सगळे," म्हातारा रडतच गर्दीला म्हणाला. "माझा मुलगा मेलाय. मेलेलं माणूस येत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी पलीकडच्या खोलीत जाऊन बघा. मी आठ महिने गेलो नाही." मग तो सुनेकडे वळला. "सोमवारी तू जायचंस."

ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली. मुलगा गेल्यापासून दोघं पहिल्यांदाच एकत्र रडली.